चमच्यांचं एकमत

"चमचा ऐकून चाखू नकोस," असं करवत तिला एकदा जिन्यात म्हणाली होती, आणि ती हसली होती. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ज्या बाईला खोलीतलं कुणीच सोसत नाही, त्या बाईने आपल्याला भिंतीशी गाठून कानाशी काहीतरी सांगावं, तर ते ऐकून घेण्यापेक्षा हसून सुटणं सोपं असतं. शिवाय खालच्या वळणावर दादांच्या चपला वाजत होत्या, आणि आपल्याला करवतबरोबर उभं राहिलेलं त्यांनी बघावं असं तिला अजिबात वाटत नव्हतं. "बरं मावशी," म्हणून ती सटकली. वर जाऊन तिने ते दादांना सांगितलंही, चिमटीत धरलेलं झुरळ दाखवावं तसं, आणि दादा म्हणाले, "जळते ती, दुसरं काय! आपलं सगळ्यांचं जमतं ना, तेच तिच्या डोळ्यांत खुपतं." तेव्हा ते पटलं होतं. दादांचं सगळंच पटायचं. त्यांचा आवाजच असा, की वाक्य संपायच्या आत आपली मान हललेली असे.

आज सकाळी कप्प्यात बसून तिने पहिली वाटी पुढ्यात ओढली, आणि डावीकडून चूळ भरल्याचा आवाज आला नाही. झालं ते एवढंच. करवत येणार नाही हे तिला ठाऊक होतं. साहेबांनी आल्या आल्या सांगितलं होतं, की बाईंनी काम सोडलं, तब्येतीचं कारण आहे, आपण सगळे त्यांना शुभेच्छा देऊ या. दादा तोंडातल्या तोंडात म्हणाले होते, "सुंठीवाचून खोकला गेला," आणि जुळ्या फिसकन हसल्या होत्या. पण ठाऊक असणं वेगळं. ती इथे लागल्यापासून, बाळंतपणाची रजा सोडली तर, प्लायवुडच्या त्या पातळ भिंतीपलीकडून रोज सकाळी एक चूळ गर्जत आली होती, घशाच्या तळापासून, निर्लज्ज, पिंपात बादली बुडवावी तशी. सुरुवातीला तिला किळस यायची. जेवणाच्या सुट्टीत जुळ्या त्या चुळीची नक्कल करायच्या. आज तिथे काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याला एक आकार होता, बसलेल्या बाईएवढा. तिने चमचा वाटीकडे नेला. हात मध्येच थबकला, जिन्याची एक पायरी कमी निघाली की पाय थबकतो तसा.

आपलं काम काय, हे तिला कुणाला धड सांगता येत नसे. नवरा चारचौघांत म्हणायचा, "आमच्या हिला खायचा पगार मिळतो," आणि लोक हसायचे. कारखान्यात तान्ह्या पोरांना दुधात कालवून भरवायची धान्याची पूड तयार व्हायची, आणि वरच्या मजल्यावर चाखणीच्या खोलीत दादा, करवत, दोघी जुळ्या आणि ती असे पाच जण रोज त्या पुडीची लापशी चाखायचे. एका ओळीत पाच कप्पे, तिकिटाच्या खिडक्यांसारखे. प्रत्येकात एक फळी, एक नळ, थुंकायला बेसिन, आणि रंगावरून काही कळू नये म्हणून वर तांबडा दिवा. समोरची झडप वर जायची, वाट्या आत यायच्या, झडप खाली यायची. कोणती वाटी कुठल्या लॉटची ते कुणालाच माहीत नसायचं. घरून येताना पावडर नाही, वासाचं तेल नाही, कांदा नाही. एक घास जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ, कोरड्या बिस्किटाचा तुकडा, की पुढची वाटी. मग पाचही जण बाहेर गोल टेबलाशी बसून वाटीवाटीला गुणांचा आकडा द्यायचे आणि ठरवायचे, हा लॉट पोरांच्या तोंडी जाऊ द्यायचा की अडवायचा. त्या टेबलावर पूर्वी रोज जुंपायची. जुंपायला कारण करवत. समोरच्याचं वाक्य मध्येच कापायची म्हणून करवत. तिच्यासारखीच कॉलेजात शिकलेली, पण आधीच्या पिढीची, खोलीत सगळ्यांत जुनी, आणि जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. धाकट्या जुळीला ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तुझी जीभ म्हणजे पुसलेली पाटी. येईल तो लिहून जातो." (त्या दोघी जुळ्या नव्हत्या, बहिणीही नव्हत्या, फक्त एकीने मान हलवली की दुसरीची हलायची.) ती पोर संध्याकाळपर्यंत संडासाची कडी लावून बसली होती. आणि दादांना, त्यांच्या वयाचा काही मुलाहिजा न ठेवता: "तंबाखू तुम्ही सोडलीत हो, तिने तुम्हाला कुठे सोडलंय?"

हे आठवताना आता कप्प्यात बसून तिला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यात वाकडं झालं. कारण त्याच करवतने तिला चाखायला शिकवलं होतं. 'चांगलं' आणि 'वाईट' हे शब्द तिच्याकडे चालायचे नाहीत. "चांगलं काय, चांगलं? स्थळ बघायला आलीयेस? कशासारखं लागतंय ते सांग." मग डोळे मिटून, लापशी टाळूला चिकटवून ठेवून, ती चाचपडत सांगायची: ओला पुठ्ठा. काडेपेटीची बाजू. पावसात राहिलेलं वर्तमानपत्र. बटाट्याची साल. करवत तिच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि एखादा शब्द बरोबर लागला की नाकाने 'हं' करायची. त्या एका 'हं'साठी ती दिवसभर जीभ परजून बसायची. शाबासकीला माणूस उपाशी असतो, आणि जिथे ती सढळ मिळते तिथे तिची किंमत राहत नाही, हे तिला तेव्हा कळत होतं. पुढे कळेनासं झालं. पोटात लेक आली आणि तोंडात सतत गंजलेल्या खिळ्याची चव राहायला लागली, तेव्हा सगळ्यांच्या आधी ते करवतला कळलं. "घरी जा," ती म्हणाली. "पोटातली आणि वाटीतली, दोन्ही एका जिभेवर नांदत नाहीत." दादांनी पेढा मागितल्यासारखं तोंड करून अभिनंदन केलं, जुळ्यांनी मिठी मारली. करवत म्हणाली, घरी जा. ते बरोबर होतं. बरोबर माणसाचा राग येतो, तसा तिला आला.

रजा संपवून ती परत आली तेव्हा सगळे तिला लाडाने बाळंतीण म्हणायला लागले, आणि लेक दीड वर्षाची झाली तरी नाव तेच राहिलं. जीभ मात्र परत आली नव्हती. लेक दोन तासही सलग झोपत नसे; डोळ्यांत वाळू, कानांत कायम रडण्याचा भास, आणि तोंडात काहीच नाही. वाटीमागून वाटी यायची आणि सगळ्या सारख्याच, कोमट, ओल्या, गप्प. ती आकडे अंदाजाने ठोकायची आणि टेबलाशी सगळ्यांत शेवटी यायची. कळलं असतं तर तिला खाली डबे बंद करायच्या विभागात टाकलं असतं, दिवसभर यंत्रापुढे उभं. एका सकाळी वाटीवर वाकून ती रडायच्या बेतात असताना उजवीकडून, दादांच्या कप्प्यातून, चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला. टक्. साधा, मुद्दाम नव्हे असा. पुढच्या वाटीला दोनदा: टक् टक्. टेबलाशी आल्यावर दादांनी पहिली वाटी पास केली, दुसरीला नाक मुरडलं, आणि तिच्याकडे बघून पापणी किंचित लववली. बापाने लेकीच्या ताटात गुपचूप मोठा घास सरकवावा, तसं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. एकदा वाजला तर बरा, दोनदा वाजला तर बाद. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. थोरल्या जुळीला सर्दी झाली तेव्हा तिलाही ते ऐकू यायला लागलं. थोरलीला ऐकू आलं म्हणजे धाकटीलाही. दयेने सुरू झालेल्या गोष्टीला नाव ठेवणार कोण? फक्त डावीकडचा कप्पा आपल्याच तालात होता: चूळ, शांतता, चूळ. आणि मग एके दिवशी जिन्यात ते वाक्य.

त्याच सुमारास साहेबांनी एक शिबिर घेतलं. सहकार्य आणि संघर्ष-व्यवस्थापन. बाहेरून एक सर आले, गुळगुळीत दाढीचे, ज्यांना पुढे सगळे 'आणि-वाले सर' म्हणायला लागले, कारण त्यांचा सगळा भर त्या एका शब्दावर होता. टेबलावर 'पण' आणायचा नाही, ते म्हणाले. 'पण' म्हणजे भिंत, 'आणि' म्हणजे पूल. तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मला असं वाटतं. करवतने तिथल्या तिथे विचारलं, "भात करपलाय आणि छान झालाय, असं?" सर हसले. साहेब हसले नाहीत. मग त्यांना दोर धरून गाठ सोडवायचा खेळ खेळायला लावला, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उठायला लावलं, आणि शेवटी दोरासकट फोटो काढला. तो जिन्यात लागला: चौघं दात दाखवून, करवत दोराकडे बघतेय, तो विकत घ्यायचा असल्यासारखी. शिबिरातून एक नियम निघाला, गमतीचा: टेबलावर जो 'पण' म्हणेल त्याने त्या दिवशीच्या वाट्या धुवायच्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनीच धुतल्या, हसत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. त्यानंतर फक्त करवतच धुवायची. बाह्या सारून, मोरीवर वाकून, कसलीही कुरकुर न करता. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'पण'.

खोटं कशाला बोला, सुख होतं. हे तिला आज तांबड्या दिव्याखाली बसून स्वतःशी कबूल करावं लागत होतं. टेबल पूर्वी एक-एक तास चालायचं ते आता चहा निवायच्या आत संपायचं. कुणी कुणाला बोलत नव्हतं. दादा लेकीसाठी भिंगरी घेऊन यायचे, जुळ्या तिला जागरणावर उपाय सांगायच्या, साहेब दुसऱ्या विभागांना यांचं उदाहरण द्यायचे. फक्त घरी एक बारीकशी गोष्ट व्हायला लागली होती. भाजी ढवळता ढवळता ती चमचा नवऱ्यापुढे धरायची: "मीठ बघ रे." तो म्हणायचा, "पगार तू घेतेस आणि चाखायचं मी?" ती हसायची. पण त्याने मान हलवल्याशिवाय तिला गॅस बंद करवत नसे.

मग तो लॉट आला. त्या दिवशी वाटीतला घास तिने टाळूला लावला आणि शेवटी, अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी काहीतरी हललं. बंद दाराखालून सावली सरकावी तसं. ती त्याच्या मागे जाणार, एवढ्यात उजवीकडे टक् झालं. लगेच पलीकडे दोघी जुळ्यांचा एकेक टक्. आणि तिची जीभ गप्प झाली. भास असेल. जागरण. तिनेही चमचा ठेवला. टेबलाशी चौघांचं एकमत झालेलं होतं आणि करवत म्हणाली, "कडू आहे."

"बरं," दादा म्हणाले, "तुम्हाला कडू लागलं, आणि आम्हाला नाही लागलं. आकडा काय लिहू?"

"लागलं नाही म्हणजे? कारलं नव्हे ते, शेवटी येतंय. थुंकल्यावर. पुन्हा चाखा."

"मावशी, चौघांना नाही लागलं," थोरली जुळी म्हणाली.

"चौघांना की एकाला? पण मी म्हणते..."

"वाट्या!" धाकटी ओरडली, आणि सगळे हसले. तीही हसली. हसणं किती लवकर येतं तोंडात. विचारायच्या आत.

करवतने वाट्या धुतल्या नाहीत. ती साहेबांकडे गेली आणि लॉट अडवा म्हणाली. साहेबांनी लॉट अडवला नाही, त्यांनी वर्तुळ भरवलं. आणि-वाल्या सरांनी शिकवलेलं: खुर्च्या गोल मांडायच्या, मध्ये टेबल नको, आवाज चढवायचा नाही, 'तू असं केलंस' म्हणायचं नाही, 'मला असं वाटलं' म्हणायचं. दुपारची वेळ होती, पंखा चालू होता, कुणीतरी पाण्याचे पेले आणून ठेवले होते. दादा म्हणाले, मला बाईंबद्दल आदर वाटतो आणि त्या बोलतात तेव्हा मला कमीपणा वाटतो. थोरली म्हणाली, मला दडपण वाटतं. धाकटी म्हणाली, मला ते पाटीचं अजून आठवतं, आणि तिचा आवाज खरोखरच फुटला. कुणी कुणावर ओरडलं नाही. इतक्या हळुवारपणे माणसाला सोलता येतं हे तिने पहिल्यांदाच बघितलं. भाजलेली वांगी सोलतात तसं, साल आपोआप सुटून येतं. मग तिची पाळी आली. करवत तिच्याकडे बघत होती, तशीच, पूर्वी शब्दाची वाट बघायची तशी. "मला तुमची भीती वाटते, मावशी," ती म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं. त्याचाच तर आता त्रास होता. खोटं असतं तर मागे घेता आलं असतं.

करवत खुर्चीत सरळ बसली. मग म्हणाली, "वाटलं ते कळलं. सगळ्यांना काय काय वाटलं ते कळलं. आता कडू होतं की नव्हतं, ते सांगा."

साहेब म्हणाले, "बाई, मुद्दा तो नाहीये."

"माझा तोच आहे. नव्हतं म्हणत असाल तर नव्हतं म्हणा. म्हणजे माझी जीभ गेली. तेवढं मला कळू दे. एकाने सांगा. चमचा ऐकून नको, एकाने आपापलं सांगा." हे शेवटचं ती बाळंतिणीला म्हणाली. पंखा फिरत राहिला. दादा नखं बघत होते. आणि तिला, जिला त्या खोलीत करवतनंतरची सगळ्यांत चांगली जीभ होती असं एके काळी खुद्द करवत म्हणाली होती, सांगता येईना. धीर नव्हता म्हणून नव्हे. तिला माहीतच नव्हतं. ती सावली होती की नव्हती, हे आता शोधायला गेलं की तिथे फक्त चमच्याचा आवाज सापडत होता. करवतने मान डोलावली, कुणीतरी पत्ता सांगितल्यावर डोलावतात तशी, आणि उठून गेली. त्या दिवसापासून ती टेबलाशी एकदाही 'पण' म्हणाली नाही. चौघं जो आकडा म्हणतील तोच म्हणायची. खोलीभर असं काही सौजन्य पसरलं, की दारं लावतानासुद्धा लोक हळू लावायला लागले.

लॉट गेला. कुठून तक्रार आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला, कारण तक्रार म्हणजे कुणाचं तरी पोर. त्याच लॉटचा डबा कामगारांना मिळतो तसा तिलाही मिळाला होता. एका दुपारी लेक झोपलेली असताना चमचाभर तोंडात टाकून ती ओट्याशी उभी राहिली. तिला करवत ऐकू आली, दादा ऐकू आले, पंखा ऐकू आला. चव तेवढी ऐकू आली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने लेकीला ती लापशी देणं बंद केलं. नवऱ्याला म्हणाली, कंटाळलीय ती. डबा वरच्या फळीवर ढकलून दिला. आपण असं का केलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. शहरातली बाकीची पोरं खात होती.

टक्, झालं उजवीकडे. मग पलीकडे टक्, टक्. आणि चौथा टक् अगदी जवळ झाला, इतका जवळ की ती दचकली. चमचा बशीवर होता. तिनेच ठेवला होता. वाटी समोर भरलेली होती, तिच्यातून अजून एक घासही उचललेला नव्हता. चमच्यालाही काही लागलेलं नव्हतं. तो केव्हा तरी हातातून निघून, कोरडा, स्वच्छ, आपल्या जागी जाऊन पडला होता, शहाण्या पोरासारखा. ती आपल्या हाताकडे बघत बसली. तांबड्या उजेडात तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. डावीकडे शांतता होती. झडप वर गेली, वाट्या परत गेल्या. टेबलाशी पाचव्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवली होती.

कामावरून सुटल्यावर तिने पाळणाघरातून लेकीला उचललं आणि घराकडे न वळता सरळ गेली. करवतचं घर तिला माहीत होतं; चष्म्याच्या दुकानाच्या वर, अंधाऱ्या जिन्याचं. पूर्वी दोनदा आली होती तेव्हा खालपर्यंत भांडण ऐकू आलं होतं आणि वर जाऊन बघते तर करवत रेडिओशी भांडत होती, "गाढवा, हवामान सांगतोयस की शेरा मारतोयस?" नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, भांडायला रेडिओच. आज जिना गप्प होता. लेक खांद्यावर जड झाली होती. आपण काय सांगणार आहोत, हे ती पायरीपायरीला ठरवत होती. 'होतं' म्हणायचं. माहीत नसलं तरी म्हणायचं, कडू होतं मावशी, तुमची जीभ गेलेली नाही. पण तेही चमचा वाजवणंच झालं की. मग काय म्हणायचं? माहीत नाही म्हणायचं. तेवढं एक तरी आपलं स्वतःचं होतं. तिने दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी, मावशी."

"मी तर मीसुद्धा आहे. नाव नाही का काही?"

"बाळंतीण."

"अजून बाळंतीणच? लेक कॉलेजात गेल्यावर तरी उठशील की नाही?" दार उघडलं. करवत तशीच होती, फक्त जरा आत ओढल्यासारखी, कडेने शिवण घेतलेल्या कपड्यासारखी. "ये. बस. हिला दे इकडे, नाही, राहू दे, परक्यांकडे रडते असेल. उन्हातून आलात, काकडी चिरते."

खोली स्वच्छ, बिनवासाची. रेडिओवर फडका टाकलेला. करवत समोरच बसून चिरायला लागली, आणि ती बघत राहिली. तिची बघायची सवय जुनी होती, आई झाल्यापासून तर प्रत्येकाच्या हाताकडेच लक्ष जायचं. काकडी चिरताना कुणीही टोकाची चकती आधी स्वतःच्या तोंडात टाकून बघतं. करवतने बघितली नाही. सालं काढली, चकत्या केल्या, बशीत गोल मांडल्या, बशी पुढे सरकवली. स्वतः एक घेतली. तिने एक घेतली.

ती काकडी कडू होती. कडू म्हणजे कडूजहर. दातांखाली येताच जिभेच्या मुळाला कुणीतरी चिमटा घ्यावा तशी. आणि तिला आधी आनंद झाला. इतका आनंद, की उठून नाचावंसं वाटलं. आहे, आहे जागेवर! कुणी सांगितलं नव्हतं, कुठे टक् झालं नव्हतं. तिला कळलं होतं, आपलं आपल्याला. तिने वर बघितलं. करवत चावत होती. संथपणे, चेहऱ्यावरची एक सुरकुतीही न हलवता. गिळलं. दुसरी चकती उचलली.

"कशी आहे?" करवतने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कोवळी आहे."

ते बाहेर पडलं तेव्हा तिने ऐकलं. हाताने चमचा ठेवावा तसं तोंडाने ते ठेवून दिलं होतं. आता लगेच, हसून, थुंकून, अहो मावशी केवढी कडू म्हणता आलं असतं. अजूनही जागा होती, एका श्वासाएवढी. तेवढ्यात मांडीवरच्या लेकीने बशीतली चकती ओढून तोंडात घातली, तिचा सगळा चेहरा मुठीसारखा आवळला, आणि ती ‘थू’ करून ओरडून रडायला लागली.

"अगं बाई! काय झालं गं सोने?"

"काही नाही," ती लेकीचं तोंड पदराने पुसत म्हणाली. "दात येतायत तिला. काहीही घातलं की हल्ली अशीच करते."

करवत त्या पोरीकडे बघत राहिली. पोरगी जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी ती पुसत होती. करवत बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "दाढा असतील. दाढांना फार त्रास होतो." आणि बशी तिच्याकडे सरकवली. "घे ना. मी आता काहीही असलं की कसं आहे ते विचारूनच खाते. शेजारची पोर येते, तिला विचारते. ती पण छान म्हणते." हा टोमणा होता की नव्हता, ते करवतच्या बाबतीत कधीच कळायचं नाही. "घे. उरलं तर वाया जाईल."

त्यांनी ती बशी संपवली. एक करवतने, एक तिने. मध्ये करवतने लेकीचं वजन विचारलं, झोपते का विचारलं, पाळणाघर बरं आहे का विचारलं. तिने सगळ्याला नीट उत्तरं दिली. जे सांगायला ती आली होती ते विचारलं गेलं नाही. शेवटची चकती तिच्या वाट्याला आली. निरोप घेताना करवत दारात म्हणाली, "बरं वाटलं आलीस," आणि दार लावलं, हळू, आवाज न करता.

जिन्यात ती थांबली. लेक तिच्या गळ्याशी हुंदके देत होती आणि तिच्याकडे बघत होती, पहिल्यांदाच अशी, अनोळखी. एक तर त्या बाईची जीभ खरोखरच गेली होती, चौघांनी मिळून ती काढून घेतली होती, आणि आता ती रोज काय खातेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. नाही तर जीभ शाबूत होती, तिने मुद्दाम ती काकडी पुढे ठेवली होती, आणि एकट्या खोलीत, चमचा नसताना, ही तरी सांगेल म्हणून एक-एक कडू चकती गिळत वाट बघितली होती. वर जाऊन दार वाजवलं असतं तर यातलं कुठलं ते कळलं असतं. ती खाली उतरली. लेकीला म्हणाली, "उगी, उगी, काही नव्हतं त्यात." दुसऱ्या दिवशी कामावर गेली. गोल टेबल चहा निवायच्या आत संपलं.

तिच्याच्याने आता तिथे जाववणार नाही. तिला सांगायची सवय उरलेली नाही, आणि करवत पुन्हा विचारणारही नाही. तेव्हा तुम्ही जा. तुम्ही त्या खोलीत बसलेले नाही, त्या वर्तुळात नव्हता, तुमच्यावर कुणाचे उपकार नाहीत. चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या वर. जिन्याला उजेड नाही, कठडा धरून चढा. करवत कोण म्हणून विचारेल, बोलून घेईल, आणि मग काहीतरी पुढ्यात ठेवेल. ते खा. कसं आहे म्हणाली तर जसं लागलं तसं सांगा. ती भांडायला लागली तर बिनधास्त भांडा, मग काळजीचं काही नाही. आणि नाहीच भांडली, तर लगेच उठू नका. जरा बसा तिच्याजवळ.